बुधवारचं संत्रं

गुरुवारी रात्री साडेदहाला लेकाच्या अंगात ३९.२ सेल्सियस ताप होता आणि तो डोळे मिटून बोटांची पेरं मोजत होता. अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावरून वर सरकायचा, थांबायचा, पुन्हा खाली यायचा. पेरांवर मोजायला त्याला माझ्या आईने शिकवलंय, मागच्या सुट्टीत पुण्याला गेलो होतो तेव्हा. मला वाटलं, तापात पाढे म्हणतोय. कपाळावरची पट्टी बदलायला वाकले तर पुटपुटला, "आई, बुधवारी मी आजींकडे होतो. आज गुरुवार. म्हणजे एकच दिवस झाला ना?" मी म्हटलं, हो. तर म्हणाला, "त्यांना ताप आला तर तो माझ्यामुळे का?"

मी म्हटलं, झोप आता.

आजी म्हणजे आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या. वय चौऱ्याऐंशी, एकट्याच राहतात. टोकियोच्या पूर्वेला, निशिकासाईत आम्ही राहायला आलो त्याच हिवाळ्यात त्यांनी दाराशी मिकानची पिशवी आणून दिली होती. मिकान म्हणजे इथलं छोटं संत्रं; साल इतकी सैल की लहान मूलही एका दमात सोलतं. शाळेतून आला की लेक दहा मिनिटं त्यांच्याकडे टेकतो. त्या साल फुलासारखी उलगडून ठेवतात, हा फोडींवरचे पांढरे दोरे काढत बसतो. निम्म्या फोडी त्या याला भरवतात, निम्म्या हा त्यांना. त्या बुधवारीही तसंच झालं होतं, आणि मला ते माहीत होतं.

बुधवारी दुपारीच शाळेचा निरोप आला होता. एकतीस मुलांपैकी नऊ गैरहजर, म्हणून गुरुवारपासून रविवारपर्यंत वर्ग बंद. याला इथे गाक्क्यू हेइसा म्हणतात. सगळी शाळा बंद होत नाही, तेवढा एक वर्ग बंद होतो. शेजारच्या वर्गातून पाढ्यांचा आवाज येत राहतो आणि या वर्गात खुर्च्या बाकांवर उलट्या. लेक पाठीवर दप्तर आणि हातात पांढरी कापडी पिशवी घेऊन घरी आला. त्या आठवड्यात जेवण वाढायची पाळी त्याची होती. इथल्या शाळेत मुलंच मुलांना वाढतात, पांढरा एप्रन, पांढरी टोपी आणि मास्क घालून. ज्याची पाळी त्याने आठवड्याअखेर एप्रन घरी न्यायचा, धुऊन इस्त्री करून सोमवारी परत द्यायचा, मग तोच एप्रन पुढच्या मुलाच्या अंगात. आमच्या वाट्याच्या एप्रनवर ७ आकडा आहे. खिशात भाताची दोन वाळलेली शितं होती, बाहीवर आमटीचा डाग, आणि मानेपाशी कुठल्या तरी दुसऱ्या घरच्या साबणाचा वास, चार दिवसांनीही न गेलेला. तो वास घेत मी क्षणभर उभी राहिले. या एका कापडात वर्गातली किती घरं येऊन गेली असतील, असं मनात आलं आणि मी ते यंत्रात टाकून दिलं.

आता जे सांगायचं ते सांगते. तेरा वर्षांखालच्या मुलांना इथे फ्लूच्या टोचायच्या लशीचे दोन डोस देतात, मध्ये दोन ते चार आठवड्यांचं अंतर ठेवून. पहिला डोस शरीराला ओळख करून देतो, दुसरा ती ओळख पक्की करतो. लेकाला पहिला ऑक्टोबरच्या शेवटी दिला. दुसऱ्याची वेळ एका शनिवारी होती आणि नेमका त्याच शनिवारी आपल्या लोकांचा दिवाळीचा कार्यक्रम. चकल्या माझ्याकडे होत्या, नाटुकल्यात लेकाला काम होतं. मी दवाखान्यात फोन करून वेळ पुढे ढकलली. पुढच्या आठवड्यात याला सर्दी, त्याच्या पुढच्या आठवड्यात माझं काम. लहान मुलांच्या नोंदींची ती जाडसर वही, बोशी तेच्यो, तिच्यात पहिल्या डोसचा छोटा चिकटकागद लावलेला आहे आणि त्याच्या खालची चौकट रिकामी. गुरुवारी रात्री मी ती वही दोनदा उघडून पाहिली.

शुक्रवारी सकाळी पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल. "अगं, इंजेक्शन दिलं होतंस ना? मग आला कसा?" दुसरा डोस राहिल्याचं मी तिला सांगितलं नाही. पण खरं म्हणजे दोन्ही झाले असते तरी हा प्रश्न उरलाच असता. गोवराच्या लशीसारखा फ्लूच्या लशीचा भरवसा देता येत नाही. विषाणू आपलं रूप दरवर्षी थोडं थोडं बदलतो, आणि कोणत्या रूपाविरुद्ध लस बनवायची हे जागतिक आरोग्य संघटनेला हंगामाच्या सहा-सात महिने आधी ठरवावं लागतं. उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिणेसाठी सप्टेंबरात. अंदाज बसला तर बरं, चुकला तर त्या वर्षी लस लंगडी. मुलांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१८मध्ये जो आढावा घेतला, त्यात न टोचलेल्या शंभर मुलांत तिसांना फ्लू झाला होता आणि टोचलेल्या शंभरांत अकरांना. एकोणीस मुलं वाचली. पण ती एकोणीस कोणती, हे कुणालाच कळत नाही. ती खेळत असतात. अकरा मात्र अंथरुणात दिसतात, आणि त्यांच्या आया विचारतात, मग टोचलं कशाला.

माझा लेक त्या अकरांपैकी, की एका डोसवर राहिल्यामुळे तिसांपैकी, ते मला कधीच कळणार नाही.

ताप उतरेपर्यंतच्या त्या दोन रात्री मी त्याच्या उशाशी बसून फोनवर वाचत होते, आणि वाचता वाचता सारखं २००९ आठवत होतं. तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. जुलैमध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत स्वाइन फ्लू शिरल्याची बातमी आली. एकत्र झोपणारी, एकत्र जेवणारी मुलं. शंभरातली सत्तरेक आजारी पडली. तरीही पुण्यात आम्हाला ते लांबचं वाटत होतं. मग ३ ऑगस्टला पुण्यात एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी गेली. देशातला तो पहिला मृत्यू. दुसऱ्या दिवसापासून शहराचा आवाजच बदलला. शाळा बंद, सिनेमे बंद, नायडू रुग्णालयापुढे पावसात रांग. मास्क मिळेना म्हणून बाबांचे मोठे रुमाल त्रिकोणी दुमडून आम्ही तोंडाला बांधायचो. रुमालाच्या घडीत आई कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी ठेवायची. आजही कुठे कापूर जळाला की मला देवघर आठवण्याआधी तो ओला रुमाल आठवतो. माझी आतेबहीण तेव्हा नववीत होती, त्या मुलीएवढीच. ती आमच्याकडे राहायला आली होती आणि दिवसभर खिडकीत बसून असायची. एकदा तिने विचारलं, "ताई, शाळेत गेलं की मरतात का?"

तिलाही मी धड उत्तर दिलं नव्हतं.

तेव्हा या विषाणूवर लसच नव्हती. पुढच्या वर्षी जुलैमध्ये नाकात फवारायची लस आली, तीही पुण्यातच बनलेली, सीरमची. पण तोवर रुमाल कपाटात गेले होते. आमच्या घरात ती कुणी घेतली नाही. आतेबहिणीच्या वर्गात कुणी घेतल्याचं तिलाही आठवत नाही. भीती ताजी असताना लस नसते आणि लस येते तेव्हा भीती विरलेली असते. आजही आपल्याकडे फ्लूची लस सरकारी बाल लसीकरणात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना दरवर्षी ती द्या म्हणते, ज्यांना परवडते ते देतात. शाळेत जाणारं मूल मात्र पाचाच्या पुढचं असतं. जे वय सगळ्यात जास्त फ्लू घरी घेऊन येतं, नेमकं तेच मधल्या मध्ये राहतं.

जपानने याच्या बरोबर उलट केलं होतं, हे मला इथे इतकी वर्षं राहूनही माहीत नव्हतं. १९६२पासून त्यांनी शाळकरी मुलांना फ्लूची लस द्यायला सुरुवात केली, १९७७मध्ये कायद्याने बंधनकारक केली. मुलांमधून फ्लू घरोघर जातो, तेव्हा मुलांमध्येच त्याला अडवा, हा विचार. १९८७मध्ये पालकांना नको म्हणायची मुभा मिळाली आणि १९९४मध्ये हा कार्यक्रमच बंद झाला. टोकियोतल्या एका प्राथमिक शाळेने या सगळ्या चढउतारात आपल्या नोंदी जपून ठेवल्या होत्या, दोन तपांच्या. सक्तीच्या काळात जवळजवळ सगळी मुलं टोचलेली असायची आणि फ्लूमुळे वर्ग बंद राहण्याचे दिवस वर्षाला सरासरी १.३. मुभा मिळाली, टोचून घेणारी मुलं कमी झाली, दिवस ८.३ झाले. कार्यक्रम थांबला आणि शंभरात दोन-तीन मुलंच टोचून घेऊ लागली, तेव्हा २०.५. पुढे पालक आपणहून पुन्हा लशीकडे वळले, शंभरातली अठ्ठ्याहत्तर मुलं टोचलेली दिसू लागली, आणि आकडा ७.० वर उतरला.

मी हे आकडे पहाटे तीनला वाचले. एका शाळेची गोष्ट आहे, सगळ्या जगाचा पुरावा नाही, हे मला कळतं. पण एकाच इमारतीत, त्याच बाकांवर, चोवीस वर्षं कुणी तरी गैरहजेरी लिहीत राहिलं, याने मला भरून आलं. माझ्या डोळ्यांसमोर ते वर्ग आले. उलट्या खुर्च्या, फळ्यावर बुधवारचीच तारीख. मी आतापर्यंत फक्त एका मुलाकडे बघत होते. टोचलं, तरी फ्लू झाला. हिशोब मात्र बाकांच्या रांगेचा होता. एक मूल वाचलं की त्याच्या शेजारचं वाचायची शक्यता थोडी वाढते, त्याच्या घरातलं तान्हं, त्याच्या जिन्यातलं म्हातारं माणूस.

इथे पुन्हा आजी आल्या. गेल्या वर्षी एकदा त्या लशीचा विषय निघाल्यावर म्हणाल्या होत्या, आमच्या मुलांना शाळेत रांगेत उभं करून टोचायचे. डाव्या बाह्या वर केलेल्या, स्पिरिटचा वास व्हरांड्यापर्यंत, पुढचा रडला की मागचे सगळे रडायचे. मग जरा थांबून, मिकानची साल हाताने सारखी करत म्हणाल्या, सुई बदलत नसत. तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं. आता वाचलं. सुया आणि सिरिंजा एकाहून जास्त मुलांना वापरल्यामुळे १९४८ ते १९८८ या काळात इथे हेपटायटिस बी पसरला. सरकारी अंदाज चार लाखांच्या घरातला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये त्याची जबाबदारी सरकारवर टाकली. त्यात सगळ्या लशी आल्या, एकट्या फ्लूची नाही. पण ज्या आईच्या मुलाला त्या रांगेत काविळीचा विषाणू मिळाला, तिला हा फरक सांगून काय उपयोग?

आणखी एक शहर होतं, माएबाशी. १९७९मध्ये तिथे लशीनंतर एका मुलाला झटके आले. तिथल्या डॉक्टरांनी सामूहिक लसीकरण थांबवलं आणि पुढची काही वर्षं आपल्या मुलांची तुलना ताकासाकीसारख्या टोचणाऱ्या शेजारच्या शहरांशी केली. १९८७मध्ये त्यांनी सांगितलं, फारसा फरक दिसत नाही. या अहवालाने लशीवरचा विश्वास हलवला. त्यांनी मोजला होता ताप आणि गैरहजेरी. घशात फ्लूचाच विषाणू आहे का, हे प्रत्येक मुलात तपासलेलं नव्हतं. हिवाळ्यात मुलांना ताप आणणारे विषाणू डझनभर असतात. ते सगळे एकाच टोपलीत टाकले की फ्लूतला फरक झाकला जातो. तरी त्या डॉक्टरांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांना एक प्रश्न पडला होता, आणि त्यांनी तो गप्प बसवला नाही.

कार्यक्रम बंद झाल्यावर काय झालं, ते २००१मध्ये पुढे आलं. जपान आणि अमेरिकेतल्या अभ्यासकांनी हिवाळ्यातल्या मृत्यूंचे पन्नास वर्षांचे आकडे शेजारी मांडले. मुलांना टोचत होते तेव्हा जपानमधल्या हिवाळी मृत्यूंची कमान खाली आलेली, टोचणं थांबलं तशी पुन्हा वर. त्यांच्या हिशोबाने वर्षाला ३७,००० ते ४९,००० जीव वाचत होते, आणि ते बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे. म्हणजे साधारण ४२० मुलांना टोचलं की एक जीव वाचत होता. यावर आक्षेपही आहेत; त्या दशकांत जपान म्हातारा होत होता, घरं बदलत होती, औषधं बदलत होती, एका कमानीवरून सगळं श्रेय लशीला देता येत नाही. पण मग मी कॅनडातल्या हटराइट वस्त्यांबद्दल वाचलं. शेती करून एकत्र राहणारी, बाहेर फारशी न मिसळणारी माणसं. २००८-०९च्या हिवाळ्यात त्यांतल्या काही वस्त्यांत फक्त मुलांना फ्लूची लस दिली, बाकीच्यांत तुलनेसाठी त्याच वयाच्या मुलांना हेपटायटिस ए ची. कुणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. ज्यांना या प्रयोगात कुठलीच लस दिली नव्हती अशा माणसांत फ्लूची लस असलेल्या वस्त्यांमध्ये शंभरात तीन जणांना फ्लू झाला, दुसरीकडे साडेसात जणांना. इथे विषाणू तपासलेला होता. मुलांच्या दंडावर सुई टोचली आणि वाचले ते शेतावरचे काका, स्वयंपाकघरातल्या आज्या. आपल्याकडे हरियाणात बल्लभगडजवळच्या गावांतही मुलांवर तीन वर्षं असाच प्रयोग झाला. पहिल्या वर्षी फायदा तुटपुंजा, तिसऱ्या वर्षी ठळक. लस त्याच प्रकारची, गावं तीच, विषाणूचं वर्ष वेगळं.

शुक्रवारी पहाटे, हे सगळं वाचत असताना, एक शब्द सापडला आणि त्याने माझी झोपच उडवली. गाकुदो बोहातेइ. शाळकरी मुलांचा बांध. समुद्राच्या लाटा अडवायला बंदराबाहेर घालतात तसा. जुन्या लसीकरणाच्या विचाराला इथे हेच नाव पडलं होतं. म्हाताऱ्यांना वाचवायला मुलांना पुढे उभं करायचं का, असा रागही त्या शब्दात आहे. मी लेकाकडे पाहिलं. ओठ कोरडे, केस घामाने कपाळाला चिकटलेले, एक पाय पांघरुणाबाहेर. या एवढ्याशा अंगाला बांध म्हणायचं? मला तो राग समजला. आई म्हणून तो माझाही आहे. आणि तरीही मी रात्रभर ज्या प्रश्नाने जागी होते तो मी विचारलेला नव्हता, त्याने विचारला होता. त्यांना आला तर माझ्यामुळे का. आठ वर्षांच्या मुलाला कुणी न शिकवता कळलं होतं, की आपलं अंग आपल्यापाशी संपत नाही. शिवाय बांधाच्या आतलंही लाटेपासून वाचतं, बांधसुद्धा वाचतो. कार्यक्रम बंद झाल्यानंतरच्या वर्षांत इथे फ्लूमुळे मेंदूला सूज येऊन लहान मुलंही गेली. म्हाताऱ्यांना २००१पासून थेट लस देऊ लागले ते चांगलंच झालं. पण म्हाताऱ्या शरीरात लस तेवढी रुजत नाही. जिथे ती चांगली रुजते ते अंग माझ्या घरात आहे, आणि त्याचा दुसरा डोस मी चकल्यांसाठी पुढे ढकलला.

शुक्रवारी डॉक्टरांनी नाकात बारीक काडी घातली, दहा मिनिटांनी पट्टीवर ए ची, म्हणजे फ्लूच्या ए प्रकाराची, रेघ उमटली. लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवस आणि ताप गेल्यापासून दोन दिवस पूर्ण होईपर्यंत शाळा नाही, हा इथला नियम. मी चाचरत दुसऱ्या डोसबद्दल विचारलं. आता काय उपयोग, असंच मनात होतं. ते म्हणाले, बरा झाला की आणा, बी अजून यायचा आहे. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी तळमजल्यावर गेले. दारापासून चार पावलं लांब उभी राहून, मास्कमधून, आजींना सांगितलं की लेकाला फ्लू निघालाय, बुधवारी तो तुमच्याकडे होता, ताप वाटला तर लगेच मला फोन करा. मान खाली घालून माफी मागितली. त्या म्हणाल्या, मी टोचून घेतलंय. मग विचारलं, तो जेवतोय का?

शनिवारी ताप उतरला. रविवारी सकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली, आत आठ मिकान. लेकाने आतूनच ओरडून विचारलं, "आजी खोकत होत्या का?" मी म्हटलं, पिशवी ठेवून गेल्या, मला दिसल्या नाहीत. तो उठून बसला आणि पुन्हा पेरं मोजू लागला.

सोमवारी वर्ग उघडला. याला जायचं नव्हतं, पण ७ नंबरचा एप्रन जायला हवा होता. मी तो दोनदा धुतला होता. रात्री इस्त्री करताना मानेपाशी आणि बाह्यांच्या टोकांना इस्त्री जास्त वेळ दाबून धरली, कापडातून गरम वाफ तोंडावर आली, साबणाचा तो परका वास आता पार गेला होता. सकाळी फाटकाशी बाईंच्या हातात पिशवी दिली. आज किती मुलं आली, विचारलं. सव्वीस, त्या म्हणाल्या.

बुधवारी लेक दप्तर लावून खाली उतरला तर आजी दारात कुंड्यांना पाणी घालत होत्या. ठणठणीत. त्यांनी एप्रनच्या खिशातून मिकान काढून पुढे केलं. लेक दोन पावलं अलीकडेच थांबला. हात पाठीमागे घेऊन, मला दिसेल अशा बेताने, अंगठा करंगळीच्या तळापासून सरकवत गेला. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "पाच झाले. आज सहावा. आता घेऊ?"

मी मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजलं आणि हो म्हटलं.